नुसतं नाव घे

इंगळेकाकांना गिटारमधलं काही कळत नव्हतं. सूर कुठला, ताल कुठला, मी वाजवतोय ते बरोबर की चूक, यातलं काही त्यांना सांगता आलं नसतं, आणि हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. पण गिटारचा आवाज बिघडलाय तो नेमका कुठे, हे त्यांच्याइतकं अचूक ओळखणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. ते ओळखायचे आणि दळणाच्या भाषेत सांगायचे. 'पीठ झालंय' म्हणजे वाईट. 'कणी राहिली' म्हणजे त्याहून वाईट. आणि मान एका बाजूला करून, डोळे मिटून 'हां, रवाळ' असं म्हणाले, की समजायचं काम झालं.

त्यांचं दुकान घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीचा चढ जिथे सुरू होतो तिथे होतं. दुकान म्हणजे एक शटर, शटरच्या आत एक टेबल आणि टेबलाच्या मागे काका. बाकीच्या जागेत पंखे. जळके पंखे, बांधून तयार झालेले पंखे, मालक न्यायला विसरलेले पंखे. वरती निळ्या रंगाची पाटी: इंगळे वाइंडिंग वर्क्स, खाली एकेका ओळीत पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप. आत भिंतीवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे सकाळी लावलेली मेणबत्ती. काका मूळचे बुलढाण्याकडचे. विक्रोळीच्या एका मोटर बनवणाऱ्या कारखान्यात वाइंडर म्हणून, म्हणजे मोटरमध्ये तांब्याची तार भरायला लागले, कारखाना बंद पडला तेव्हा हातात फक्त ती कला उरली, म्हणून दुकान टाकलं. चाळीस वर्षं मुंबईत काढल्यावर गावाकडची बोली बहुतेक पुसली गेली होती, पण 'करून राहिला', 'बोलून राहिला' एवढं मात्र शाबूत होतं.

जगातल्या सगळ्या वस्तूंचे ते दोनच भाग करत. आत कॉइल असलेल्या आणि नसलेल्या. नसलेल्या वस्तूंत त्यांना अजिबात रस नसे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो आईचा मिक्सर घेऊन. आम्ही घाटकोपर पूर्वेला, पंतनगरला राहायचो. मी सव्वीस वर्षांचा होतो, एका आयटी कंपनीत दिवस भरत होतो आणि उरलेला सगळा जीव आमच्या चौघांच्या बँडमध्ये होता. आम्ही जे वाजवायचो त्याला आमच्या सोसायटीत 'ती कटकट' असं नाव होतं. गिटारच्या तारा सैल करून सूर खाली आणायचा, ॲम्प्लिफायरचं गेनचं बटण शेवटपर्यंत पिळून आवाज पार फाडायचा आणि तळहाताने तारा दाबून घणाचे घाव घालायचे, असा तो प्रकार. मिक्सर देऊन मी पुढे सरावाला जाणार होतो, म्हणून गिटार पाठीवर होती.

काकांनी मिक्सर उघडला, नाक लावून वास घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "पाठीवर काय घेऊन राहिला?"

"गिटार आहे. इलेक्ट्रिक."

"इलेक्ट्रिक म्हणजे आत कॉइल असणार. दाखव."

मी दाखवली. इलेक्ट्रिक गिटारला तारांच्या खाली पिकअप म्हणून एक बोटभर लांबीची पट्टी असते. आत चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. वर तार थरथरली की या वेटोळ्यात वीज उठते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते. हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो. ते शांतपणे ऐकत राहिले आणि माझं झाल्यावर म्हणाले, "म्हणजे उलटी मोटर." ते बरोबर होतं.

त्या पिकअपवरून माझं डोकं तेव्हा फिरलेलं होतं. अंधेरीच्या एका दुकानातून मी नवा परदेशी पिकअप आणून बसवला होता. खास जड वाजवणाऱ्यांसाठी, सगळ्यात जहाल म्हणून. आम्हा पोरांची तेव्हा एक ठाम समजूत होती: मल्टिमीटर लावला की पिकअपचा जो आकडा येतो, तो जितका मोठा तितका पिकअप दणकट. 'किती के?' हा आमचा पहिला प्रश्न असायचा. के म्हणजे किलोओहम. माझा सतरा के होता आणि तो आकडा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. फक्त एकच अडचण होती. वाजवला की नुसता चिखल. प्रत्येक घाव पुढच्या घावात बुडून जायचा.

माझ्याकडे सरावाचा छोटा ॲम्प्लिफायर होता. काकांनी तो पंख्यांच्या मधे प्लगला लावायला लावला, म्हणाले, "वाजव." मी वाजवलं. शेजारच्या गिरणीवाल्याने बाहेर येऊन पाहिलं. काकांनी मान कलती केली. उजवा कान कारखान्यातल्या आवाजाने अधू झालेला, म्हणून ते नेहमी डावा कान पुढे करायचे.

"हे पीठ झालं," ते म्हणाले. "जास्त दळलंस. दाणा दाणा लागला पाहिजे ना? रवाळ पाहिजे तुला."

माझ्या दोन महिन्यांच्या दुखण्याला त्यांनी एका शब्दात नाव दिलं होतं. मी म्हणालो, "हो. रवाळ. ते कसं करायचं?"

"तारेचे टर्न कमी करायचे. कोणी तरी हावरटासारखी तार भरून ठेवली आहे यात."

मला ते पटलं नाही. पण पिकअप तसाही वाया गेलेला होता, मी तो काढून त्यांच्या हातात दिला.

काकांना काम करताना पाहायला मी नंतर मुद्दाम जायला लागलो. शिलाई मशीनची मोटर, तिला जोडलेला आस आणि आकडे मोजणारं एक जुनं काउंटर, असं त्यांचं यंत्र होतं. मोटर हळूहळू फिरायची आणि ते दोन बोटांच्या चिमटीतून ती तार सोडायचे. ती तार उजेडाकडे धरल्याशिवाय दिसायचीसुद्धा नाही. हे चालू असताना कोणी आलं तर काका वर बघत नसत, फक्त डाव्या हाताचं एक बोट वर करत. त्याचा अर्थ थांब. बायका थांबायच्या, पंपवाले थांबायचे, एकदा महापालिकेचा माणूसही तसाच थांबलेला मी पाहिला आहे. वेढे संपले की वर पांढरी पट्टी गुंडाळायची, आणि पट्टीच्या आत एक कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीने वेढ्यांचा आकडा आणि गिऱ्हाइकाचं नाव. नाव पूर्ण लागायचं. तुझं, वडलांचं, आडनाव.

"इतकं कशाला?" मी विचारलं होतं.

"उद्या मी नसलो आणि दुसऱ्यानं उघडलं, तर त्याला कळायला नको कोणाचं आहे?" मग माझ्याकडे बघून, "सांग, वैद्य. पूर्ण नाव."

"अमेय श्रीकांत वैद्य."

त्यांनी ते शाळेतल्या मुलासारखं सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं. वैद्य हे आडनाव त्यांना फार आवडलं होतं. पुढे मी दुकानात शिरलो की, "या वैद्यबुवा, रोगी आणला का?" हे ठरलेलं.

पिकअप परत नेताना त्यांनी मला एक पुडी दिली. आत जुन्या तारेची गुंडाळी होती. वाइंडिंगच्या धंद्यात मोटरमधून निघालेलं जुनं तांबं बहुतेक लोक ठेवून घेतात. काका प्रत्येकाचं प्रत्येकाला परत करत. "हे तुझं," ते म्हणाले. "तुला लागत नव्हतं, पण आहे तुझं."

आणि मी काय केलं? घरी आलो आणि पिकअप गिटारमध्ये बसवायच्या आधी मल्टिमीटर लावला. आठ के आणि वर थोडं. सतरा के देऊन आठ के परत आणला होता मी. डोक्यात तिडीक गेली. तसाच रिक्षा करून भटवाडीला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी काकांना म्हणालो, "काका, तुम्ही अर्धी तार ढापलीत माझी."

तीच तार त्यांनी पुडी बांधून मला दिली होती, आणि ती पुडी त्या क्षणी माझ्या खिशात होती. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

काका हातातलं काम संपेपर्यंत बोट वर करून राहिले. मग म्हणाले, "वाजवलं का?"

"नाही. पण मीटर लावला."

"तू आकडा वाजवणार का गिटार?" मग टेबलावरचा एक पंखा पुढे ओढून, "हे बघ. याच्यात टर्न जास्त भरले तर पंखा जोरात नाही फिरत, हळू फिरतो. मापात भरावे लागतात. जा, बसव, वाजव. मग ये भांडायला. मी इथंच आहे."

मी बसवला. वाजवला. आणि पुन्हा वाजवला. गेन शेवटपर्यंत उघडा होता आणि तरी प्रत्येक घाव सुटा ऐकू येत होता. खालचा सूर घट्ट, वरचा धारदार, मधे कुठेही चिखल नाही. मी जे दोन महिने शोधत होतो ते कमी केल्याने मिळालं होतं. आज हे सगळ्यांना माहीत आहे, इंटरनेटवर कोणीही सांगेल, की ॲम्प्लिफायर आधीच इतका आवाज फाडत असताना पिकअपनेही जोर केला तर नुसता गाळ होतो. मला ते पंखेवाल्या काकांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "भांडायला आला का?"

"माफी मागायला."

"त्याची पावती नाही फाडत मी. बस. चहा सांगतो."

त्या दिवशी एक काम उरलं होतं. मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारत होता, कारण आत वेटोळी किंचित हलत होती. वेटोळी पक्की बसावीत म्हणून मोटरला काका वॉर्निशमध्ये बुडवायचे. पिकअपला म्हणाले, वॉर्निश नको, मेण. त्यांच्या घराजवळच्या विहारात वंदना झाली की उरलेली मेणबत्त्यांची टोकं ते गोळा करून ठेवत. ती एका डब्यात, डबा गरम पाण्यात, आणि त्यात थोडं मधमाश्यांचं मेण. पिकअप आत सोडला की बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबेपर्यंत ते शेजारी बसून राहायचे.

"वॉर्निश पक्कं होतं, मग उघडता येत नाही," ते म्हणाले. "मेण बरं. चूक झाली तर परत उघडता येतं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. पंख्यांचं काम कमी होत चाललं होतं. पंखा बिघडला की लोक नवा घ्यायला लागले होते. डोळेही पहिल्यासारखे राहिले नव्हते, मोठाले पंप उचलताना कंबर धरायची. गिटारचं काम त्यांना मनापासून आवडलं होतं. बसून करायचं, हलकं, आणि सगळी गंमत चिमटीत. "तुझ्यासारखे किती असतील रे मुंबईत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शेकड्यांनी आहेत.

"मग एक कर. तुमचा कार्यक्रम असतो ना, माईक असतो. तिथं माझं नाव घे."

मी हसून म्हणालो, "उखाण्यात घेऊ?"

त्यांना ते इतकं आवडलं की चहा सांडला. "उखाणा नको बाबा. नुसतं नाव घे."

"तुम्हीच चिठ्ठीवर लिहा की. माझ्या नावाखाली."

"स्वतःचं नाव स्वतः घेतात का कुठं?" काका म्हणाले. "ते दुसऱ्यानं घ्यायचं असतं."

मी शब्द दिला. हातावर हात मारून दिला. पुढच्या महिन्यात अंधेरीला एका वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम होता. जड गिटारचा आवाज कसा बनवायचा, यावर तिघांनी वाजवून दाखवायचं, मग लोकांनी प्रश्न विचारायचे. तिघांत मी होतो. काकांना म्हटलं, तिथे या, शंभरेक पोरं असतील, सगळी याच रोगाची.

कार्यक्रमाच्या आधी चार दिवस मी भटवाडीला गेलो तर पाटी उतरवून रंगारी पुढ्यात बसला होता. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, आणि त्याखाली ताजं पांढरं: गिटार पिकअप. 'पिकअप'मधला 'अ' वेगळा लिहायचा की जोडून, यावर काका आणि रंगारी वाद घालत होते. मला पाहून म्हणाले, "आले, आता हेच सांगतील."

अंधेरीच्या हॉलमध्ये ते वेळेच्या आधी येऊन बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची, डावा कान स्टेजकडे येईल अशी. आजूबाजूला सगळे काळे टी-शर्ट. काही पोरं त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारत होती. मी ते पाहिलं. आणि काकांना हात न करता तारा जुळवायला लागलो.

पहिल्या रांगेत आणखी एक माणूस होता. ज्या परदेशी कंपनीचा पिकअप मी मुळात घेतला होता, तिचा इथला प्रतिनिधी. दुकानदाराने आधीच कानात सांगितलं होतं, त्यांना इथे वाजवून दाखवायला एखादा हवा आहे, तुझं नाव सुचवलंय. आणि माझ्या गिटारमधल्या पिकअपवर, वरच्या तोंडावर, त्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतंच. साचा त्यांचा, चुंबक त्यांचा. फक्त आतलं काम भटवाडीचं, आणि ते कोणाला दिसणार नव्हतं.

मी वाजवलं. मी आयुष्यात जे थोडं बरं वाजवलं असेल त्यात ते होतं. हॉल गप्प झाला. मग मागून एकाने हात वर केला. त्याला कोणी तरी माईक दिला.

"भाई, इतना गेन और इतना क्लिअर? पिकअप कुठला आहे?"

मी तिसऱ्या रांगेत पाहिलं. काका ताठ बसले होते. त्यांनी कॉलर सारखी केली. फोटो काढताना माणसं करतात तशी.

पुढे मी जे बोललो ते नुसतं त्या कंपनीच्या कामासाठी होतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. 'घाटकोपरच्या भटवाडीतले इंगळे, पंखे दुरुस्त करतात' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि मला त्या हॉलमध्ये त्याची लाज वाटली. भटवाडीची वाटली, पंख्यांची वाटली, आणि हे लिहायला हात अडतो पण लिहितो, त्या आडनावाचीही वाटली. माझ्या घरात हे कोणी मला शिकवलेलं नव्हतं. शिकवायची गरजच पडली नव्हती.

"बाहेरून मागवलाय," मी माईकमध्ये म्हणालो. "फॉरेन."

आणि बोटाने पिकअपवरचं छापील नाव दाखवलं. प्रतिनिधी हसला. पोरांनी ते नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

नंतर खाली चहा आणि सामोसे होते. मी मुद्दाम वर रेंगाळलो, वायरी गुंडाळत बसलो, की तोपर्यंत ते जातील. ते गेले नव्हते. जिन्याशी उभे होते, हातात कागदी बशी. मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

"बरोबर बोललास. बाहेरूनच आलंय. ईस्टवाल्यांना वेस्ट म्हणजे बाहेरच."

आणि हसले. खरंच हसले. मी त्या हसण्यात राग शोधत होतो. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काका, ते तिथे कंपनीचा माणूस..."

"रवाळ वाजलं पण," ते म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी कान लावून होतो." मग त्यांनी बशीतला उरलेला सामोसा कागदात बांधला, पेनं होती त्या खिशाशी हात नेऊन ती आहेत ना पाहिलं, आणि गेले.

कंपनीचं काम मला मिळालं नाही. ते दुसऱ्याला मिळालं. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की वाचणाऱ्याने मला काही फळ मिळालं असं समजू नये.

चार-पाच महिने मी भटवाडीकडे फिरकलो नाही. मग मे महिन्यात गिटार दिवसभर बंद गाडीत उन्हात राहिली, मेण सुटलं आणि पिकअप पुन्हा शिट्टी मारायला लागला. मुंबईत आणखी कोणाकडे जायचं, मला माहीत नव्हतं. म्हणजे बघा, माझी मजल कुठवर गेली होती. नाव घ्यायला जीभ रेटली नाही, पण काम घेऊन जायला पाय बरोबर रेटले.

पाटीवरची शेवटची ओळ निळ्या रंगाने पुसलेली होती. निळा जरा वेगळा लागला होता, त्यामुळे खालची अक्षरं नीट वाचता येत होती. मी वर बघतोय हे काकांनी पाहिलं असावं, पण ते एवढंच म्हणाले, "या वैद्यबुवा. रोगी आणला का?"

त्यांनी मेणाचा डबा काढला. मी स्टुलावर बसलो. बुडबुडे यायला लागले. ते थांबायच्या आत बोलायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. माफी मागायची आणि विचारायचं की कोणी गिटारवाले आले का. बुडबुडे थांबले आणि मी बोललो नाही. कोणी आलं नसणार हे मला पाटीने सांगितलंच होतं.

त्या दिवसाचा शेवट अजून सांगायचा आहे, तो मुद्दाम मागे ठेवलाय. आधी गेल्या वर्षीचं सांगतो.

आमचा बँड आता म्हाताऱ्यांचा झालाय. चौघांना पोटं आहेत. गेल्या वर्षी हौसेने आम्ही आमची आठ गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. गिटार तीच, पिकअप तोच. शेवटी श्रेयनामावली करायची होती. कोणी वाजवलं, कोणी रेकॉर्ड केलं. मी आमच्या ड्रमवाल्या संदेशला म्हटलं, एक ओळ माझी लिही. पिकअप वाइंडिंग: इंगळे, भटवाडी, घाटकोपर. इतक्या वर्षांनी का होईना, नाव घेऊन टाकू.

संदेश टाइप करत होता. तो न बघता म्हणाला, "पूर्ण नाव बोल ना. सगळ्यांचं पूर्ण टाकतोय."

 मला माहीत नव्हतं. काका. इंगळेकाका. त्यापुढे कधी विचारलंच नव्हतं. समजा, त्या दुपारी अंधेरीत माझी हिंमत झाली असती, तरी नाव म्हणून मी अर्धंच बोलू शकलो असतो. ज्या माणसाने माझ्या वडलांचं नावसुद्धा गोल अक्षरांत लिहून जपलं, त्याला शब्द देताना मला त्याचं नावच ठाऊक नव्हतं.

भटवाडीला गेलो. त्या जागी पत्रे लागलेत, आत इमारत उठतेय. गिरणी गेली. समोरच्या पानवाल्याला इंगळे आठवत होते, पण तोही इंगळेच म्हणायचा. गावी गेले म्हणाला, किंवा पोरीकडे बदलापूरला, नक्की नाही. आहेत की नाहीत, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी पिकअप काढला, गरम पाण्याच्या वाफेवर धरला. मेण सहज सुटलं. पांढरी पट्टी उलगडली. आतला कागद तेलकट झाला होता पण पेन्सिल टिकून होती. पाच हजार चाळीस. अमेय श्रीकांत वैद्य. कागद उलटा करून पाहिला, उजेडाला धरून पाहिला. दुसरं काही नव्हतं. ते दुसऱ्याने घ्यायचं असतं.

आता ते मागे ठेवलेलं. मे महिन्यातली ती दुपार. पिकअप बसवून झाला होता, मी गिटार पिशवीत घालत होतो. तेवढ्यात एक बाई मिक्सर घेऊन आल्या. पहिल्यांदाच येत असाव्यात, कारण जरा साशंक होत्या. "नीट करता ना? मागच्यानं वाट लावून ठेवली याची."

"याला विचारा," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "अमेय श्रीकांत वैद्य. मोठा गिटारवाला आहे, अंधेरीला स्टेजवर वाजवतो. शंभर लोक गप्प बसून ऐकतात, मी स्वतः पाहिलंय. त्याच्या गिटारचं काम आपण केलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. दुकानात आम्ही तिघंच होतो, माईक नव्हता, काळे टी-शर्ट नव्हते.

"तुमचा कोण हा?" बाईंनी विचारलं. "मुलगा?"

"घरचाच आहे," काका म्हणाले, आणि चिठ्ठीसाठी पेन्सिल शोधायला लागले. "हां, बोला ताई. पूर्ण नाव."

मी नुसती होकाराची मान हलवली, गिटार पाठीवर घेतली आणि चढ उतरायला लागलो.